कळफलक मराठी झाला, मेनूचे काय?

सरकारी कार्यालयांतील संगणकांच्या कळफलकावर रोमन अक्षरांबरोबर देवनागरी अक्षरेही असली पाहिजेत, असे राज्य शासनाने ३ फेब्रुवारी २०२५ च्या निर्णयाने बजावले. त्याआधी चार महिने, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. दोन्ही निर्णयांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र कळफलक ही संगणकाची ऐकून घेण्याची बाजू आहे. संगणक बोलतो तो पडद्यावर, आणि त्याचे पहिले बोलणे मेनूतून होते: फाइल उघडा, जतन करा, छापा, बाहेर पडा. हे बोलणेच चौकोनांत, प्रश्नचिन्हांत किंवा अर्धवट कापलेल्या अक्षरांत येऊ लागले, तर कळांवरची देवनागरी कितीही ठळक छापलेली असो, काम अडतेच.

शहरातल्या वाचकाला हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. मेनू नीट दिसत नसेल तर भाषा बदलून इंग्रजी करावी आणि पुढे जावे, हा आपला सर्वांचा सरावाचा उपाय. या उपायाची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर महानगरांपासून थोडे दूर जावे लागेल.

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभरातील जैन समाजाला ठाऊक आहे. (हे मालेगाव नाशिकचे नव्हे. आणि हे शिरपूर धुळे जिल्ह्यातले नव्हे. हा खुलासा पुढे कामी येणार आहे.) या गावाचे आणि त्याच्या दैवताचे नाव ही संगणकावरील मराठीची आयतीच परीक्षा आहे. 'शिरपूर'मधील पहिली वेलांटी वाचताना आणि साठवताना 'श'नंतर येते, पण दिसायला हवी ती 'श'च्या आधी. 'अंतरिक्ष'मधला 'क्ष' हा क, हलन्त आणि ष यांचा मिळून एकच आकार व्हावा लागतो. 'पार्श्व' या दोन अक्षरांच्या तुकड्यासाठी संगणकाच्या स्मृतीत सात खुणा असतात: प, काना, र, हलन्त, श, हलन्त, व. त्यातल्या 'र'ने रफार होऊन सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसायचे आणि 'श'ने अर्धे होऊन 'व'ला टेकायचे, हे काम फॉन्ट एकटा करीत नाही. फॉन्टमध्ये आकार असतात. ते केव्हा व कोठे मांडायचे हे ठरविणारे एक वेगळे यंत्र ऑपरेटिंग सिस्टिममध्ये किंवा त्या त्या सॉफ्टवेअरमध्ये बसविलेले असते. रोमन लिपीला या यंत्राची गरज जवळजवळ लागत नाही. इंग्रजी मेनू सहसा बिघडत नाही, त्याचे निम्मे कारण एवढेच आहे.

म्हणूनच मेनू बिघडला की "फॉन्ट टाकून पाहा" हा जो सरसकट सल्ला मिळतो, तो अनेकदा वाया जातो. बिघाड कसा दिसतो यावरून तो कोठे आहे हे बऱ्यापैकी ओळखता येते आणि त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. पहिला प्रश्न विचारावा तो इंग्रजीविषयी. त्याच पडद्यावरचा इंग्रजी मेनूही काळा पडत असेल, अर्धाच उघडत असेल, त्याच्या रेघा एकमेकींवर चढत असतील, तर दोष मराठीचा नव्हेच. तो डिस्प्ले ड्रायव्हरचा किंवा डेस्कटॉप चालविणाऱ्या मूळ कार्यक्रमाचा असण्याची शक्यता अधिक. संगणक पुन्हा सुरू करून फरक पडला नाही, तर नवे वापरकर्ता खाते उघडून पाहावे. तेथे मेनू ठीक असेल तर जुन्या खात्यातल्या मांडणीच्या नोंदी खराब झाल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्रजी ठीक आणि मराठीच्या जागी रिकामे चौकोन, असे असेल तर बातमी चांगली आहे. मजकूर शाबूत आहे, फक्त निवडलेल्या फॉन्टमध्ये ती अक्षरे नाहीत. येथे मात्र देवनागरी फॉन्ट बसविण्याचा उपाय अचूक लागू पडतो. (अशा चौकोनांना जगभरातील संगणकतज्ज्ञ गमतीने 'टोफू' म्हणतात, आणि गूगलच्या 'नोटो' या फॉन्टमालिकेचे नाव 'नो टोफू' यावरूनच आले.) चौकोनांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर ती गोष्ट अधिक गंभीर समजावी. प्रश्नचिन्ह म्हणजे मजकूर एका संकेतातून दुसऱ्यात नेताना वाटेतच हरवला. जगातला कोणताही फॉन्ट तो परत आणू शकत नाही. विंडोजवर हे विशेषतः जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीने लिहिलेल्या हिशेबाच्या किंवा नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घडते. विंडोजने रशियन, अरबी, थाई या लिप्यांसाठी जुन्या पद्धतीची अक्षरसारणी ठेवली होती, देवनागरीसाठी ती कधीच नव्हती. देवनागरी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडमधून, आणि ज्या सॉफ्टवेअरला युनिकोड समजत नाही त्याच्या मेनूत मराठी उमटणे शक्य नसते. येथे दुरुस्ती करायची ती सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने. कार्यालयातल्या लिपिकाने सेटिंग्ज चाळत दुपार घालविण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. अक्षरे सगळी दिसतात, पण सुटी. वेलांटी चुकीच्या बाजूला, 'पार्श्व'मधले र आणि श दोघेही पाय मोडून उभे. येथे फॉन्ट आहे, मजकूरही आहे, जुळवणी करणारे यंत्र मात्र नाही किंवा जुने आहे. याची एक सोपी खूण सांगता येते. तोच शब्द ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. फायरफॉक्स आणि क्रोम हे जुळवणीसाठी 'हार्फबझ' नावाचे यंत्र स्वतःबरोबर बाळगतात. ब्राउझरमध्ये शब्द नीट आणि मेनूत मोडका, तर दोष त्या विशिष्ट सॉफ्टवेअरचा. दोन्हीकडे मोडका असेल तर फॉन्टकडे वळावे. याखेरीज, डोक्यावर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा जो कचरा कधी कधी दिसतो, तो युनिकोडचा मजकूर दुसऱ्याच संकेतात वाचल्याचा परिणाम. तेथे संकेताची निवड बदलली की मराठी परत येते.

हे सारे आज, युनिकोडमध्ये देवनागरी येऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर सांगावे लागते, याचे मूळ आपल्याच इतिहासात आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये देवनागरीची सोय नव्हती. ती पोकळी पुण्याच्या सी-डॅकने आणि खासगी कंपन्यांनी भरून काढली आणि त्याबद्दल त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे, कारण मराठी छपाई त्यांच्यामुळे चालू राहिली. परंतु त्या काळातल्या अनेक फॉन्टची युक्ती अशी की, रोमन अक्षराच्या घरात मराठी आकार बसवायचा. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की निरर्थक रोमन. पंचवीस वर्षांपूर्वी मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर 'आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी पट्टी असे, ती वाचकांना आठवत असेल. एका दैनिकाचा फॉन्ट दुसऱ्याला चालत नसे.

विंडोज २००० पासून चित्र बदलले. त्यासोबत आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचा. र. कृ. जोशी हे सुलेखनकार, कवी आणि मुंबई आयआयटीतील अध्यापक. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. असंख्य सरकारी पत्रे ज्या अक्षरांत निघाली त्यांचा कर्ता मराठी माणूस होता, हे त्या पत्रांवर सह्या करणाऱ्यांतील फार थोड्यांना माहीत असावे. पण मंगल असूनही विंडोज एक्सपीवर जुळवणीची सोय आपोआप चालू नसे. प्रादेशिक भाषांच्या पटलावर जाऊन एका चौकटीत बरोबरची खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी बहुधा कार्यालयाच्या कोणत्या तरी कपाटात कुलूपबंद असे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, पण 'मराठी नीट दिसत नाही' ही समजूत त्या काळातून पुढच्या पिढीच्या कर्मचाऱ्यांकडे वारशाने आली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूला प्रयत्न झाले नाहीत असे नाही. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' फॉन्टमालिका खुली केली. सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली काढली. ग्नोम, केडीई, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांचे मेनू मराठीत आले, त्यामागे स्वयंसेवकांचे मोठे श्रम आहेत. तरीही अडचणी राहिल्या त्या बारीकसारीक आणि नेमक्या मराठीच्या. मेनूतल्या शब्दाखाली एक अक्षर अधोरेखित असते आणि ऑल्टसोबत ती कळ दाबली की तो मेनू उघडतो. ही खूण जोडाक्षराच्या मधोमध पडली तर जोडाक्षर फुटते. म्हणून भाषांतरकारांनी 'फाइल'च्या पुढे कंसात रोमन 'एफ' ठेवण्याची वाट काढली. वाट व्यवहार्य आहे, पण मराठी मेनू वापरायलाही रोमन कळ लागावी, ही त्यातली विसंगती कुणालाच दूर करता आलेली नाही. भाषांतर अपुरे राहिले की उरलेले शब्द इंग्रजीतच दिसतात आणि मेनूची खिचडी होते. शब्दांच्या निवडीचाही येथे दोष आहे. ज्याला सारे 'फाइल' म्हणतात त्याला 'धारिका' म्हणण्याच्या हट्टाने वापरणारा बिचकतो, हे सांगायला भाषातज्ज्ञ लागत नाही.

आता शिरपूर जैनकडे परत येऊ. गावाचे नाव मराठीत लिहिले तर त्यात जागा सोडून नऊ खुणा आहेत. इंटरनेटवर सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, मधल्या रिकाम्या जागेला एक. म्हणजे एकूण २८ बाइट. हेच नाव रोमन लिपीत १२ बाइटांत मावते. समजा, इंग्रजी नावे डोळ्यांपुढे ठेवून एखाद्या प्रणालीत गावाच्या नावासाठी २० बाइटांचा रकाना आखला. इंग्रजी नाव त्यात आरामात बसेल. मराठी नावातले 'शिरपूर' आणि पुढची जागा मिळून १९ बाइट होतात, विसाव्या बाइटावर 'जैन'मधल्या 'ज'चा एक तृतीयांश तुकडा पडतो आणि पडद्यावर उमटते 'शिरपूर' व त्यापुढे एक काळे प्रश्नचिन्ह. गावाची ओळख ज्या शब्दात आहे तोच शब्द गेला. जिल्हा आधी निवडलेला नसेल तर हे शिरपूर धुळ्याचे की वाशिमचे, हे त्या यादीवरून कळण्यास मार्ग नाही. रकाना पुरेसा असूनही यादीची चौकट अरुंद असली तरी डोळ्यांना दिसणारा परिणाम तोच. उंचीचेही असेच. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असे मजले असतात. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या ओळीत वरचे मजले कापले जातात. पडद्याचे माप १२५ टक्के केले की कापाकापी अधिकच वाढते. मात्रा कापली की 'जैन'चे 'जन' व्हायला वेळ लागत नाही.

इंग्रजी मेनू सर्वांना पाठच आहेत, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. केंद्रचालकाला मेनूतली तिसरी ओळ छापण्याची आणि पाचवी बंद करण्याची, हे हाताच्या सवयीने येते. परंतु सेवा केंद्रात पडद्यासमोर दोघे असतात, एक चालक आणि दुसरा ज्याचे काम आहे तो. २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरून घेतले गेले, त्या वेळी राज्यभर शेतकरी कुटुंबे सेवा केंद्रांपुढे रांगा लावून उभी होती. अर्जात आपले नाव, गाव, बँक, खाते बरोबर निवडले गेले की नाही, हे तपासण्याची एकमेव संधी म्हणजे चालकाच्या खांद्यावरून पडद्याकडे टाकलेली नजर. यादी मराठीत आणि पूर्ण दिसत असेल तर तो माणूस "हे शिरपूर नाही, पुढे जैन पाहिजे" असे म्हणू शकतो. ती इंग्रजीत किंवा तुटकी असेल तर त्याला चालकावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. चूक नंतर उघडकीस येते, पैसे अडकल्यावर, आणि दुरुस्तीच्या फेऱ्या त्याच्याच वाट्याला येतात.

आणि 'शेतकरी' हाच शब्द घ्या. त्याच्या अनेकवचनात, 'शेतकऱ्यांसाठी' असे लिहिताना, मराठीला तो खास पापणीसारखा आडवा 'र' लागतो. हिंदीला त्याची गरज नाही. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून तपासलेल्या प्रणालीत तो रफार होऊन 'शेतकर्यांसाठी' असा उमटतो किंवा पाय मोडून उभा राहतो. हा केवळ दिसण्याचा दोष नव्हे. आचार्यांना दिलेले मानधन आणि आचाऱ्यांना दिलेले मानधन यांत फरक करणारे अक्षर तेच आहे. भरीस भर म्हणून हा 'र' संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठविता येतो. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले अनेक ठिकाणी सापडत नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती एप्रिल २००८ मध्ये. त्यापूर्वीचे फॉन्ट आजही वापरात असतील तर 'ॲप'च्या जागी चौकोन येतो. 'ल' आणि 'श' यांचे मराठी वळण कोणते, हे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवून दिले. पडद्यावर मात्र हिंदी वळण सर्रास दिसते आणि ते दिसण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तक्रार कुणी करीत नाही.

तक्रार न होणे हेच या दुखण्याचे खरे कारण आहे. ज्यांच्या हाती दुरुस्ती आहे, ते तंत्रज्ञ आणि खरेदी अधिकारी, स्वतः इंग्रजी मेनू वापरतात. ज्यांना मराठी मेनू हवा असतो त्यांना तो मोडका दिसला की भाषा बदलून दिली जाते. वापर नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून सुधारणा नाही, आणि मग 'मराठी मेनूला मागणीच नाही' असा निष्कर्ष काढायला कंपन्या मोकळ्या.

हा विषय आताच उपस्थित करण्यास एक व्यावहारिक निमित्त आहे. विंडोज १० ला मिळणारा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे जुने संगणक कार्यालयांना, शाळांना आणि सेवा केंद्रांना आज ना उद्या बदलावे लागतील किंवा लिनक्सकडे न्यावे लागतील. नव्या खरेदीत कळफलकावरची अक्षरे पाहिली जातीलच. त्याच वेळी पडद्याची कसोटी निविदेच्या अटींत घालायला पैसा लागत नाही. पुरवठादाराने त्याच यंत्रावर, कार्यालयात रोज वापरल्या जाणाऱ्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये, मेनूची भाषा मराठी ठेवून, पडद्याचे माप १०० आणि १२५ टक्के असे दोन्ही करून 'शेतकऱ्यांसाठी', 'आचार्य', 'आचाऱ्यांना', 'ॲप', 'अंतरिक्ष पार्श्वनाथ' हे शब्द मेनूत, यादीत आणि छापील कागदावर दाखवावेत. जुनी नोंदणी सॉफ्टवेअरे चालू ठेवायची असतील तर त्यांच्या याद्यांत प्रश्नचिन्हे आहेत का, हे आधी पाहावे, कारण नवा संगणक घेऊन ती जाणार नाहीत. वाशिमच्या यंत्रांपुरती आणखी एक ओळ वाढवता येईल: गावांच्या यादीत 'शिरपूर' पाशी थांबावे आणि पुढे 'जैन' पूर्ण, मात्रेसह दिसते का, ते पाहून मगच पोहोच द्यावी.